रीहीटरची डावी बाजू

सर, गेल्या महिन्यात माझ्या वर्गात एका मुलीनं प्रश्न विचारला आणि मला धड उत्तर देता आलं नाही. वर्ग म्हणजे आपल्या हडपसरच्या लॅबमध्ये वीज केंद्रांतल्या इंजिनिअरांसाठी तुम्ही सुरू केलेला तोच, 'रीहीटर : भाग आणि बिघाड'. नाव तुम्ही ठेवलेलं, इतकं कोरडं की बदलायचा धीर झाला नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. आता फळ्याऐवजी पडदा आहे आणि मुलं डबे आणत नाहीत, फोनवरून काहीतरी मागवतात, पण फुटलेली नळी मी अजून प्रत्येकाच्या हातात देते. चित्रातली नळी सभ्य दिसते, खरी नळी काय झालं ते सांगते, हे तुमचं म्हणणं. जी नळी मी देते ती माझ्या पहिल्या वर्षातली, माशानं तोंड उघडावं तशी फाटलेली, कडा सुरीसारख्या पातळ झालेल्या. ती कशी फुटली, कुणाच्या चुकीनं फुटली, हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा सांगितलंय की मला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. त्या दिवशीही सांगून झालं. मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "मॅम, सगळं क्लिअर आहे. पण त्या वेल्डरचं पुढे काय झालं?" मी म्हणाले, "त्याला काढून टाकलं." तिनं ते वहीत लिहून घेतलं. परीक्षेला येईल असं वाटलं असणार.

मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा रीहीटर म्हणजे काय हे मला पुस्तकापुरतंच ठाऊक होतं. माझं गाव विदर्भातलं, शिक्षण तिकडचं, बोलणं तिकडचं. सूक्ष्मदर्शकावर वाकलेली असताना तुम्ही विचारलंत, काय चाललंय, आणि मी म्हणाले, "पाहून राहिली ना सर." तुम्ही चष्म्यावरून बघून म्हणालात, "राहू नका. पाहा." मी आठ दिवस तुमच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. पुण्यात माणसं अशीच बोलतात, त्यात राग नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग एका रविवारी तुम्ही कर्वेनगरला घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात काकू पोहे करत होत्या आणि तुम्ही ओट्याला टेकून मला रीहीटर शिकवत होतात. वाफ पहिल्या टर्बाइनमध्ये राबते, थकते, निवते. तिला तशीच पुढं पाठवली तर तिचं पाणी होईल. म्हणून तिला परत बॉयलरमध्ये आणायची, नळ्यांच्या झुंबरातून पुन्हा तापवायची आणि दुसऱ्या टर्बाइनवर धाडायची. "म्हणजे पहिल्या पाळीहून आलेल्या माणसाला जेवायला घालून दुसऱ्या पाळीला पाठवायचं," तुम्ही म्हणालात. काकू म्हणाल्या, "तुमच्या लॅबमध्ये चालतं तसं." मला हसू आवरेना. मग तुम्ही त्यांच्या हातातली रिकामी कढई गॅसवर ठेवलीत आणि मला विचारलंत, आता काय होईल? बॉयलर पेटवताना सुरुवातीला रीहीटरमधून वाफ वाहतच नसते. बाहेर आग, आत काही नाही. त्या वेळी आच आवरली नाही की नळ्या जळतात. काकूंनी कढई उचलून खाली ठेवली. "शिकवून झालं असेल तर तेल घालू?" एवढं समजायला मला कॉलेजात चार वर्षं लागली होती आणि तरी समजलं नव्हतं.

वर्ष संपत आलेलं असताना त्या केंद्रातून बोलावणं आलं. रीहीटर फुटलाय, युनिट बंद आहे, नमुने घ्यायला माणूस पाठवा. तुमची पाठ धरली होती, तुम्ही मला पाठवलंत. तिथल्या साहेबांनी फोनवर विचारलं होतं, बाई आत कशी शिरणार? तुम्ही म्हणालात, "दारातून." काकूंनी खाकी कापडाचा माझ्या मापाचा बॉयलर सूट शिवून दिला, कारण बाजारात मिळायचे ते सगळे पुरुषी मापाचे. त्याला त्यांनी आतल्या बाजूनं एक खिसा लावला होता आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा तुझ्या महिन्याच्या चार दिवसांसाठी आहे, पेनासाठी नाही. मला आजवर मिळालेली ती सगळ्यात उपयोगी भेट. तुम्ही मात्र निघताना फक्त सूचना दिल्यात. राख पुसायची नाही. सगळ्यात मोठं भोक दिसेल तिथं धावायचं नाही, कारण एक नळी फुटली की तिच्यातली वाफ शेजारणींना कापत सुटते आणि बरेचदा शेजारणीच जास्त फाटतात. आधी कोण फुटली ते शोधायचं. कापण्याआधी नळीवर खडूनं बाण काढायचा, वाफ कुठून कुठं जाते, आग कुठल्या बाजूला होती, आणि नळी कितवी, कुठल्या बाजूची ते लिहायचं. हे सगळं मी केलं. देवाशप्पथ, सगळं केलं.

आतलं अजून डोळ्यासमोर आहे. बॉयलर थंड व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी जाते तर समोरच्या दारापाशी माणसं वर चढवायचे पाळणे बांधायचं काम चाललंय, आत जायला जागा नाही. मागचं दार मोकळं आहे. तिथं एक कामगार हातदिवा धरून उभा आहे. तो म्हणतो, "सांभाळून मॅडम, डोकं." मी त्या भोकातून सरपटत आत जाते, सूट कोपरावर फाटतो, आणि समोर वरून लोंबणाऱ्या नळ्यांच्या रांगा, राखेनं माखलेल्या. पाच फाटल्यात. मी पळत नाही कुठल्याच भोकाकडे, एकेक बघते, शेजारणींवरच्या कापल्याच्या खुणांची दिशा बघते आणि उलट चालत जाऊन पहिली गाठते. केवढा आनंद झाला होता, सर. मी तिच्यावर बाण काढला, आगीची बाजू लिहिली आणि लिहिलं : डावी बाजू, सातवी.

लॅबमध्ये ती नळी उभी चिरली तेव्हा तुम्ही माझ्या मागे उभे होतात. फाटलेल्या जागेच्या थोडं अलीकडे सांधा होता, आधीच्या मोठ्या दुरुस्तीत जोडलेला. सांध्याच्या आत वितळलेला धातू जास्त उतरून थेंबासारखा लोंबत होता. नळीच्या आतल्या अंगाला काळा पापुद्रा धरतो, तो तापून-निवून सुटतो, त्याच्या कपच्या वाफेबरोबर वाहत येतात. त्या थेंबापाशी अडकल्या, वाट बुजली, वाफ जाईना, पुढची नळी तापली आणि फुटली. इतकं सरळ. तुम्ही भिंग खाली ठेवलंत आणि म्हणालात, "ठीक आहे." तुमच्या तोंडून 'ठीक आहे' ऐकायला लोक पाच-पाच वर्षं घासायचे. मी रिपोर्ट लिहिला, तुम्ही सही केलीत. त्या दुरुस्तीत डाव्या बाजूचे सांधे एका कंत्राटी वेल्डरकडे होते आणि उजवीकडचे दुसऱ्याकडे. केंद्रानं रजिस्टर उघडलं, डावी बाजू कुणाची ते पाहिलं आणि त्याचं उच्च दाबाच्या वेल्डिंगचं प्रमाणपत्र रद्द करवलं. ते आम्हाला कळवायची सौजन्याची चिठ्ठीही आली होती. ती वाचून मला वाईट वाटलं का? नाही. मला वाटलं, माझा पहिला रिपोर्ट कामी आला.

पुढच्या वर्षी तुम्ही नमुन्याच्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना घातलात. 'कोणत्या दारातून आत गेलात? डावी-उजवी कुठे उभं राहून ठरवली?' सगळे हसले, मीही हसले. सरांना आता आणखी काय हवंय, चपलांचा नंबर? मग दुसऱ्या एका केंद्रावर, बॉयलरच्या पोटात, गुडघ्यावर फॉर्म ठेवून तो रकाना भरताना माझं पेन मध्येच थांबलं. तिथला इंजिनिअर म्हणत होता, "मॅडम, आम्ही समोरून मोजतो. मागून शिराल तर सगळं उलटं होतं हां." सगळीच केंद्रं समोरून मोजतात. मी त्या दिवशी मागून शिरले होते. माझी डावी त्यांची उजवी होती. नळी बरोबर होती, थेंब बरोबर होता, कपच्या बरोबर होत्या. फक्त माणूस चुकीचा होता.

मी तुम्हाला सांगितलं नाही. पुण्याला परत आले, तुम्ही विचारलंत कसं झालं, मी म्हणाले छान झालं. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही माझी सालटी काढली असतीत, ते भय होतंच. पण तुम्ही ओळीनं सगळ्यांना सांगायचात की आपल्या लॅबचा एकही रिपोर्ट मागे घेतलेला नाही, आणि पहिला मागे घेतलेला रिपोर्ट माझा असणार होता. मी स्वतःला समजावलं की तो वेल्डर दुसरीकडे लागला असेल, चांगल्या वेल्डरला काम मिळतंच. मग तुम्ही आजारी पडलात, तुम्ही गेलात. तुमच्या तेराव्याला मी कर्वेनगरला आले होते, काकूंनी माझा हात धरला होता आणि मी तेव्हाही त्याच नळीचा विचार करत होते. आणि पुढं, निर्लज्जपणाची कमाल म्हणजे, तीच नळी मी वर्गात दाखवायला घेतली. नमुना म्हणून ती खरंच उत्तम आहे.

तर त्या मुलीनं विचारलं आणि मी फाइल काढली. फोटोत मागचं दार दिसतंय, माझा फाटका कोपरही दिसतोय. इतकी वर्षं फोटो तिथंच होता. मी दुरुस्तीचा कागद लिहिला : नमुना उजव्या बाजूचा, बाजू ठरवताना चूक नमुना घेणाऱ्या व्यक्तीची, आणि खाली माझं नाव. आमच्या संचालकांचं तोंड आंबट झालं. "कशाला उकरून काढताय मॅडम? ते युनिट भंगारात गेलंसुद्धा." मी म्हटलं, युनिट गेलं असेल, माणूस गेलाय का ते बघते. केंद्राला कागद पाठवला, तिकडून पोच आली, बाकी काही नाही. मग जुन्या कंत्राटदारांना फोन करत बसले. चौथ्याच फोनला पत्ता लागला, आणि तो पत्ता पुण्याचा निघाला, बिबवेवाडीचा. सर, मी तिकडून रोज जाते.

गल्लीत पत्र्याचं दुकान, बाहेर खिडक्यांच्या जाळ्या रचलेल्या, एकीवर मोर, एकीवर ओम. म्हातारा ग्राइंडर चालवत होता. मी नाव सांगितलं, लॅबचं सांगितलं. त्यानं ग्राइंडर बंद केला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "बाप्पा! तुमी त्या मागच्या दारानं शिरल्या होत्या ना? लाइट मीच धरला होता." ज्यानं मला डोकं सांभाळायला सांगितलं त्याचंच काम मी काढून घेतलं होतं. मी कागद दिला. त्यानं बोट ठेवून एकेक ओळ वाचली, 'उजव्या बाजूचा' पाशी थांबला. "हे मले तवाच माहीत होतं," तो म्हणाला. "साहेबाले म्हनलं, लीक उजवीकडं झाला, तिथला सांधा माह्या हातचा नाही. साहेबानं तुमचा कागद दाखवला. कागदात डावी हाय, म्हणे. लीकच्या रजिस्टरमधीबी डावीच लिहिलं होतं." नळीवरच्या माझ्याच खडूवरून उतरवलं असणार. मी विचारलं, मग तुम्ही कुठं दाद नाही मागितली? तो सहज म्हणाला, "मागितली ना. तुमच्या सराकडं आलो होतो."

ते मी जसं ऐकलं तसं लिहिते. एका गुरुवारी, लॅबला सुट्टी असताना, तो पुण्याला आला. तुम्ही एकटे होतात. तुम्ही त्याला नळीचे दोन तुकडे दिलेत, म्हणालात, जोडा. त्यानं जोडले. तुम्ही सांधा चिरलात, भिंगानं आतून पाहिलात आणि म्हणालात, हा हात वेगळा आहे. मग विचारलंत, लीक कुठल्या बाजूला? नमुना कुणी घेतला? ती कुठून शिरली? त्यानं सगळं सांगितलं. तुम्ही त्याला चहा करून दिलात. आणि मग तुम्ही त्याला म्हणालात की रिपोर्ट तसाच राहील. "सर म्हनले, ती पोरगी चांगली होणार आहे. पहिलाच रिपोर्ट मागे घेतला तर तिला पुन्हा कुणी बॉयलरात शिरू देणार नाही, बाईमाणूस म्हणून तर नाहीच. तुमचं काम गेलंच आहे, तुम्हाला इथं मी काम बघून देतो. मले दोन लेकरं होती मॅडम. हो म्हनलं." आणि तुम्ही शब्द पाळलात म्हणे, फॅब्रिकेशनच्या दुकानात लावून दिलंत, पुढं ओळखीच्या सोसायट्यांची जाळ्यांची कामं दिलीत, दर दिवाळीला चौकशी केलीत. त्याच्या मनात तुमच्याबद्दल वाकडं काही नाही. मी विचारलं, कधी परत बॉयलरवर जावंसं वाटलं नाही? तो त्या मोराकडे बघत म्हणाला, "तिकडं माह्या सांध्याचा एक्स-रे निघायचा. साफ यायचा. ग्रिलचा एक्स-रे कोण काढते?"

म्हणजे तुम्हाला कळलेलं होतं. रकाना त्या गुरुवारनंतरचा. मी तुमच्यापासून लपवत होते आणि तुम्ही माझ्यापासून, आणि आपण दोघं रोज समोरासमोर बसून एकमेकांना नळ्या दाखवत होतो. मला तुमचा राग आला, सर. अजून आहे. तुम्ही चुकलात. तुम्हाला माझी भीड वाटली, दया वाटली, अभिमान वाटला, काय वाटलं असेल ते असो, पण किंमत त्याच्याकडून वसूल केलीत, आणि तीही चहा पाजून. मला बोलवायचं होतंत, विचारायचं होतंत. मी लगेच म्हटलं असतं की घ्या मागे, असं लिहायला आवडलं असतं. पण दीड वर्षानं मला स्वतःहून कळलं तेव्हा मी काय केलं ते वर लिहिलंच आहे. दुरुस्तीच्या कागदात मी तुमचं नाव घातलेलं नाही. रिपोर्टमध्ये ऐकीव काही लिहायचं नाही हा तुमचा नियम, आणि तुम्हाला आता काही विचारता येत नाही. वर्गात मात्र आता मी ती नळी दाखवताना दाराचंही सांगते, माझ्या नावासकट. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "मॅम, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

काकू अजून आहेत. त्यांना हे वाचून दाखवावं म्हणून लिहायला बसले होते, पण नाही दाखवणार. त्यांना ऐकू कमी येतं आणि असलं काही ओरडून सांगण्यासारखं नाही. टपालात टाकायचा तर प्रश्नच नाही. फक्त एक राहिलं. त्या म्हाताऱ्यानं तुमचं ते वाक्य सांगितलं तेव्हा मला शरमेनं मेल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं, पण नंतर. आधी मला आनंद झाला. तुम्ही माझ्या तोंडावर 'ठीक आहे'च्या पुढं कधी गेला नाहीत. मी त्याला म्हणाले, काय म्हणाले सर, शेजारी मशीन चाललंय, नीट ऐकू आलं नाही. शेजारी कसलंही मशीन चालत नव्हतं. तो बिचारा जवळ सरकला आणि मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "ती पोरगी चांगली होणार आहे."